फेडले, पण फिटले का?



'पे' हा इंग्रजी शब्द आता आपण मराठीच करून टाकला आहे. भाजीवालीलाही आपण 'पे केलं' म्हणतो. या शब्दाचे मूळ लॅटिन 'पाक्स' म्हणजे शांती. जुनी लॅटिन मिस्सा ऐकलेल्यांना तो शब्द आठवेल. त्यावरून 'पाकारे', म्हणजे शांत करणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हाही त्याचा एक अर्थ 'समाधान करणे' असा होता. देणेकऱ्याने पैसे दिले की घेणारा शांत होतो, अशी ही कल्पना.

आपले 'फेडणे' वेगळे आहे. गाठ फेडतात, वस्त्र फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. इंग्रजी शब्द घेणाऱ्याचे मन पाहतो. आपला शब्द देणाऱ्याच्या अंगावरचे ओझे सोडवतो. आम्हांला आपला अधिक आवडतो.

रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर गव्हर्नरच्या सहीसह रक्कम अदा करण्याचे वचन असते. (एक रुपयाच्या नोटेवर नसते, ती सरकारची.)

पण पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवर 'फिटणे' हा शब्द वेगळाच ऐकू येतो. वीटभट्टीसाठी मुकादम हंगामाआधी 'उचल' देतो. सारे कुटुंब भट्टीवर जाते, लहान मुलेसुद्धा, शाळा सुटते ती सुटतेच. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि पुष्कळदा उत्तर मिळते : अजून फिटली नाही, पुढच्या वर्षी या. हिशेबाची वही मुकादमाकडे असते.

मत्तय 18 मधील चाकराला दहा हजार तालांत माफ झाले, आणि त्याने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी. मत्तय 20 मध्ये एक दीनार ही एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. भट्टीच्या एका हंगामापेक्षाही कमी! दाखला ऐकताना आपण ती रक्कम क्षुल्लक समजतो. त्या सोबत्याला ती तशी नव्हती.

1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशा बांधून ठेवणाऱ्या कर्जाची फेड संपवली आहे. ते कर्ज वसूल करणे हाच गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. सुटका झालेल्या मजुराला मुक्तीचा दाखला मिळतो. तो कागद मागायचा, आणि जपून ठेवायचा.