नागरिकत्व आणि उपजीविकेचा हक्क

मडगावचा एखादा तरुण नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, तेव्हा त्याला तेथे राहण्याचा परवाना मागावा लागत नाही. देशात कोठेही वास्तव्य करण्याचे व व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या अनुच्छेद 19 ने दिलेले आहे. मात्र ते केवळ नागरिकांना आहे. नागरिकत्व बदलले म्हणजे काय घडते, हे गोव्यातील पोर्तुगीज पारपत्रधारकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्या व्यक्ती, तसेच त्यांची मुले व नातवंडे, लिस्बन येथे जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवू शकतात. पोर्तुगाल 1986 मध्ये युरोपीय समुदायात सामील झाला. पुढे या पारपत्राच्या आधारे अनेक गोवेकर ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले.

ब्रिटनने 31 जानेवारी 2020 रोजी युरोपीय संघ सोडला. संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. त्या दिवसापर्यंत येऊन राहिलेल्यांचे हक्क निर्गमन कराराने राखले; स्पेन वा फ्रान्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांनाही त्याच कराराचे संरक्षण मिळाले. ब्रिटनमध्ये 5 वर्षे सलग वास्तव्य झालेल्यांना स्थायी दर्जा, इतरांना प्रथम मुदतीचा दर्जा, अशी व्यवस्था होती. अर्जाची सर्वसाधारण मुदत 30 जून 2021 होती.

आता दोन भावांची कल्पना करू. दोघांजवळ पोर्तुगीज पारपत्र आहे. थोरला नोव्हेंबर 2020 मध्ये ब्रिटनला येऊन राहिला व त्याने वेळेत अर्ज केला; त्याचे काम चालू राहिले. धाकटा फेब्रुवारी 2021 मध्ये निघाला. त्याला कामासाठी अन्य परदेशीयांप्रमाणेच व्हिसा घ्यावा लागतो. पोर्तुगालसह संघाचे 27 देश त्याला खुले आहेत, परंतु इंग्रजीच्या बळावर काम मिळण्याची त्याची अपेक्षा तेथे कितपत पुरी होईल, हा प्रश्नच आहे.

तो मायदेशी परतला तर? भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही; स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ओसीआय नोंदणी मिळाल्यास तो बेंगळुरूत राहून नोकरी करू शकेल. पण त्याला मतदान करता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि पत्रकारितेसारख्या कामासाठी विशेष अनुमती लागेल. ज्या शहरात तो पूर्वी संविधानाच्या बळावर गेला असता, तेथे आता तो शासनाच्या अधिसूचनेच्या आधारे राहील. आणि अधिसूचना बदलता येते. पारपत्र बदलू इच्छिणाऱ्याने हा फरक आधी समजून घेतलेला बरा.