कोणाला कुठवर फोन लावता यावा

पेण

चि. धाकटीस,


धाटाव एमआयडीसीतला रसायनांचा कारखाना आणि आपल्या पेणचे मूर्ती कारखानदार या दोघांचे फोन एकाच सर्व्हरवर बसवायचे काम तुझ्याकडे आले, हे ताईने कळवले. फार आनंद झाला. माझी नोकरी टेलिफोन खात्यातली, एक्सचेंजच्या काळातली. तुझे सगळे इंटरनेटवरून. पण कोणत्या फोनवरून कुठवर बोलता यावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. आमच्याकडे प्रत्येक लाइनची कॅटेगरी भरलेली असे: लोकल, एसटीडी, आयएसडी. कोणाची एसटीडी बार करायची तर अर्ज लागे, सही लागे. तुझ्या कामाइलियो या टेलिफोन सर्व्हरवर हेच काम ग्रुप मॉड्यूल करते. निवृत्तीनंतर ते मीही नीट शिकून घेतले, म्हणून चार गोष्टी सांगतो. कामाला हात घालण्याआधी हे पत्र एकदा पुरते वाच.

मॉड्यूल तसे साधे आहे. डेटाबेसमध्ये एक तक्ता असतो, त्यात वापरणाऱ्याचे नाव, डोमेन आणि गट. एक ओळ म्हणजे एक परवानगी. कॉल आला की सर्व्हर तक्त्यात बघतो: हा माणूस या गटात आहे का? ओळ सापडली तर हो, नाही तर नाही. एवढ्यावर सगळे चालते, म्हणूनच तो प्रश्न कोणाबद्दल विचारायचा हे ठरवताना फार सांभाळावे लागते.

कॉलच्या मागणीत ‘फ्रॉम’ नावाची ओळ असते. फोन करणाऱ्याने स्वतःबद्दल जे सांगितले ते तिथे असते. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही कोणाचेही लिहू शकतो, तशीच ही ओळ. फ्रॉमवरून सदस्यत्व तपासलेस तर परवानगी असलेल्या एखाद्याचा नंबर ठाऊक असणे एवढेच चोराला पुरते. म्हणून आधी पासवर्ड मागून ओळख पटवून घे, आणि सदस्यत्व त्या पटलेल्या ओळखीचेच तपास. मॉड्यूल त्याला ‘क्रेडेन्शियल्स’ म्हणते. तू कोण आणि तुला काय करता येईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे खात्रीचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसरा विचारायचाच नाही.

दुसरी गोष्ट डोमेनची, आणि तुझ्या कामात ती सर्वांत महत्त्वाची. एकाच सर्व्हरवर दोन गिऱ्हाइके आहेत. पेणला २०१ हे एक्स्टेंशन असेल आणि धाटावलाही २०१ असेल. मॉड्यूल मुळात फक्त नाव बघते. डोमेनही बघ, हे त्याला सेटिंगमध्ये मुद्दाम सांगावे लागते. ते राहिले तर पेणच्या २०१ ला दिलेली आयएसडी धाटावच्या २०१ लाही मिळेल. कसलाही एरर येणार नाही, लॉगमध्ये काही दिसणार नाही, आणि बिल येईपर्यंत कोणाला कळणारही नाही. ते सेटिंग पहिल्याच दिवशी चालू कर.

तिसरे असे की गट परवानगीचे कर, मनाईचे करू नकोस. ‘आयएसडी बंद’ असा गट करून त्यात पन्नास नावे टाकणे आणि ‘आयएसडी चालू’ असा गट करून त्यात तीन नावे टाकणे, कागदावर दोन्ही सारखेच वाटते. पण गटांचा तक्ता वाचता आला नाही की फरक कळतो. चौकशीला होकार मिळत नाही, म्हणजे मनाईच्या गटात कोणीच सापडत नाही आणि सगळ्यांना रान मोकळे होते. परवानगीचा गट असेल तर तशाच वेळी दार बंद राहते. नवा माणूस नोकरीला लागला आणि त्याचे नाव टाकायचे राहिले, तेव्हाही हाच फरक पडतो.

गट थोडेच ठेव. आतल्या आत बोलायला गट लागत नाही, ओळख पटली की पुरे. बाहेरच्यासाठी दोन गट कर: देशातले आणि परदेशी. एसटीडी वेगळी आणि मोबाइल वेगळा, असा हट्ट कारखान्याचे व्यवस्थापक धरतील. त्यांना समजावून सांग. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायलाही आधी शून्य लागते. म्हणजे शून्याने सुरू होते ती एसटीडी, हा आमच्या वेळचा सरळ हिशेब आता चालत नाही. शून्यानंतर सात-आठ आला की मोबाइल, असेही धरता येत नाही. नागपूरचा कोड ०७१२ आहे, पणजीचा ०८३२. आणि नियमांचा क्रम सांभाळ. दोन शून्यांची तपासणी एका शून्याच्या आधी यायला हवी, नाही तर परदेशचा कॉल देशातला म्हणून निघून जाईल. अधिक चिन्हाने येणारे नंबर आधी एका साच्यात आणून घे, मगच तपास.

परदेशी गटाबद्दल फार कडक राहा. इंटरनेटवर उघड्या असलेल्या टेलिफोन सर्व्हरांचे ५०६० पोर्ट जगभरातून रात्रंदिवस चाचपले जाते. एखादा कच्चा पासवर्ड हाती लागला की महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात, आणि त्या पैशात चोराचा वाटा असतो. हे बहुधा शनिवारी रात्री किंवा सणाच्या सुट्टीत होते, कारण तेव्हा बघायला कोणी नसते. पासवर्ड गेला तरी तो माणूस परदेशी गटात नसेल तर नुकसान तिथेच थांबते.

पेणच्या कारखानदारांना मात्र आयएसडी खरोखर लागते. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या मूर्ती परदेशी जातात, त्या जहाजाने गणपतीच्या कितीतरी आधी निघतात. त्या काळात तिकडच्या मंडळांशी, माल नेणाऱ्यांशी रोज बोलावे लागते. तेवढ्या महिन्यांपुरतीच परवानगी दे आणि हंगाम संपला की ओळ काढून टाक. द्यायच्या वेळीच काढायची तारीख वहीत लिहून ठेव. परवानगी मागायला माणूस स्वतः येतो. ती परत द्यायला कोणी येत नाही. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव काढणे हे तुझे काम आहे. महिन्यातून एकदा तक्त्याची यादी छापून मालकाच्या हातात दे आणि सही घे.

दोन चोरवाटा सांगतो. पहिली कॉल वळवण्याची. ज्याला परदेशी परवानगी नाही त्याने आपला फोन परदेशच्या नंबरावर वळवून ठेवला आणि बाहेरून कोणी त्याला कॉल केला, तर तो कॉल कोणाच्या नावावर बाहेर जाईल? बाहेरच्याची ओळख तुझ्याकडे नाही. म्हणून अशा वेळी ज्याने फोन वळवला त्याचे सदस्यत्व तपास. दुसरी वाट थेट गेटवेची, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राची. सर्व्हरला वळसा घालून कोणी सरळ गेटवेलाच कॉल दिला तर तुझे सगळे गट निरुपयोगी. गेटवेने फक्त तुझ्या सर्व्हरचे ऐकावे, असे तिथे बांधून टाक.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले ते. धाटावला रसायनांचे काम चालते. तिथे वायूची गळती झाली, आग लागली, तर जवळ असेल तो फोन उचलून माणूस मदत मागणार. तो कोणत्या गटात आहे हे त्या क्षणी सर्व्हरने विचारता कामा नये. ११२, १०१, १०८, १०० हे नंबर गटाच्या सगळ्या तपासण्यांच्या आधी, सर्वांत वर मोकळे सोड. कारखान्याच्या आतल्या जाळ्यावरच्या फोनांना त्यासाठी पासवर्डचीही अट ठेवू नकोस, कारण डेटाबेस बंद असेल तर तीही पुरी होणार नाही. आणि एक्स्टेंशन शंभरपासून कधीच सुरू करू नकोस. १०१ जर अकाउंट्सच्या टेबलावर वाजला तर अग्निशमन दलाला कोण बोलावणार? म्हणूनच वर उदाहरणात मी २०१ घेतला.

हे कॉल धाटावच्याच लाइनवरून बाहेर पडले पाहिजेत. पेणचा कोड ०२१४३, आणि धाटाव ज्यात येते त्या रोह्याचा ०२१९४. धाटावचा मदतीचा कॉल पेणच्या लाइनवरून गेला तर तो पेणहून आला असेच दिसेल आणि चौकशीत मोलाची मिनिटे जातील. शिवाय एका गावचा कॉल खासगी जाळ्यावरून नेऊन दुसऱ्या गावच्या सार्वजनिक लाइनवर सोडण्यावर आपल्याकडे दीर्घकाळ निर्बंध राहिलेले आहेत. तसे काही करायचे मनात आलेच तर लाइन देणाऱ्या परवानाधारक कंपनीकडून आधी लेखी घे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड जिल्ह्यात वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले होते, हे तुला आठवत असेलच. पेण-रोह्याची जोडणी पुन्हा कधीतरी तुटणार, असे धरूनच काम कर. धाटावला एक राखीव सर्व्हर आणि त्यावर गटांच्या व पासवर्डांच्या तक्त्यांची चालू प्रत ठेव, म्हणजे तो पेणवाचून उभा राहील.

सगळे बसवून झाले की चाचणी घे. प्रत्येक गटातल्या एकेका फोनवरून प्रत्येक प्रकारचा नंबर लावून बघ. जो लागायला हवा तो लागला, एवढ्यावर थांबू नकोस. जो लागता कामा नये तो खरेच अडतो का, हेही पाहा. फ्रॉममध्ये दुसऱ्याचे नाव घालून बघ. डेटाबेस मुद्दाम बंद करून बघ. चाचणीसाठी खऱ्या ११२ ला त्रास देऊ नकोस. तो नियम तात्पुरता ऑफिसच्या एखाद्या फोनला जोड, आणि काम झाल्यावर आठवणीने पूर्ववत कर.

कॉल नाकारायची वेळ आली तर नुसता टूं-टूं आवाज ऐकवू नकोस. ‘या फोनवरून परदेशी कॉलची सोय नाही, ऑफिसात विचारा,’ असे मराठीत, सौम्य आवाजात रेकॉर्ड करून घाल. आपल्याला का अडवले हे कळण्याचा हक्क कामगाराला आहे. आणि साहेबांच्या फोनसाठी कोडमध्ये गुपचूप वेगळी वाट ठेवायला कोणी सांगितले तर नम्रपणे नाही म्हण. त्यांना परवानगी हवी असेल तर तक्त्यात त्यांच्याही नावाची ओळ येऊ दे, सगळ्यांसारखी. नियम एकाच जागी लिहिलेले असले की तू सोडून गेल्यावरही दुसऱ्या कोणाला ते वाचता येतात.

तुझा हात चलाख आहे, पण या कामात घाई उपयोगाची नाही. आधी ओळख, मग परवानगी, आणि जिवाच्या प्रश्नात दोन्हींची अट नाही, हा क्रम कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नकोस. काम सोपवण्याआधी धाटावच्या गेटवरच्या फोनपासून शेवटच्या शेडमधल्या फोनपर्यंत स्वतः चालत जा आणि मदतीचा नंबर प्रत्येकावरून लागतो याची खात्री कर. मगच कामाच्या कागदावर सही कर.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा