जुन्या मच्छीमारी नौकांवरील गोड्या पाण्याची व्यवस्था : दुरुस्ती व सुधारणा

समुद्रावर जाणारी नौका सज्ज करताना मालक व तांडेल इंजिन, जाळी, डिझेल आणि बर्फ यांची तपासणी कटाक्षाने करतात. पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र एकदा भरली म्हणजे झाले, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ही समजूत जिवावर बेतू शकते. २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात गोव्यातील सासष्टी तालुक्यात, साळ नदीच्या मुखाजवळील कुटबण जेटीवर, ट्रॉलरवरील खलाशांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली आणि काही खलाशी दगावले. अशा साथीला जेटीवरील पाणीपुरवठा, शौचालये व सांडपाणी यांची स्थिती मोठ्या प्रमाणात कारणीभूत असते. तथापि नौकेवर आलेले पाणी शेवटच्या घोटापर्यंत शुद्ध राखणे ही गोष्ट मालक व खलाशी यांच्या हातची आहे. जुन्या नौकांवर ती कशी साधावी, याचा विचार येथे केला आहे.

पाणी नासते कोठे?

पूर्वी रापणीसाठी गेलेली होडी त्याच दिवशी किनाऱ्याला लागे. पाण्याची एक कळशी पुरत असे. ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात राहू लागले तेव्हा नौकेवर टाकी, नळ आणि पंप आले. जेटीवरील तोटीपासून खलाशाच्या पेल्यापर्यंत ही एक साखळी असते. तिची एक कडी जरी कच्ची असली तरी सारे पाणी दूषित होते.

पहिली कच्ची कडी म्हणजे पाणी भरण्याची रबरी नळी. ती जेटीवर चिखलात पडलेली असते किंवा तिचे टोक नदीच्या पाण्यात लोंबत असते. कॉलऱ्याचे जंतू खाडीच्या मचूळ पाण्यात दीर्घकाळ जगू शकतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दुसरी कडी म्हणजे डेकच्या पातळीवर असलेले टाकीचे तोंड. झाकण सैल असल्यास मासळीचे पाणी व लाटांचे पाणी सरळ आत उतरते. तिसरी कडी म्हणजे टाकीची हवानळी. तिचे तोंड वर उघडे असेल तर तिच्यातून खारे पाणी व झुरळे आत जातात. चौथी कडी नौकेच्या तळाशी असते. तेथे साचलेल्या तेलकट पाण्यात बुडालेल्या नळाचा जोड सैल झाला, की पंप चालू होताच ते घाण पाणी आत ओढले जाते.

टाकीची तपासणी

जुन्या नौकांवर बहुधा लोखंडी पत्र्याची टाकी असते. पाण्याला तांबूस रंग येणे, तळाशी गाळ बसणे व तोंडाला लोखंडी चव लागणे ही गंजाची लक्षणे होत. अशी टाकी रिकामी करून आतून घासावी लागते. परंतु त्यापूर्वी एका धोक्याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना आतील हवेतील प्राणवायू खर्च होतो. अशा टाकीत एकाएकी उतरलेला माणूस क्षणार्धात बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढण्यासाठी धावून उतरणाराही दगावतो. यास्तव झाकण उघडून पंख्याने टाकीत बराच वेळ ताजी हवा खेळवावी. शक्य तो बाहेरूनच लांब दांड्याच्या ब्रशाने काम करावे. आत उतरणे अटळ असल्यास जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, कंबरेस दोर बांधून उतरावे आणि एक माणूस बाहेर सतत उभा ठेवावा.

टाकीच्या आतील बाजूस रेड लेड वा साधा तैलरंग कदापि लावू नये. रेड लेडमधील शिसे पाण्यात उतरते व ते शरीरात साठत जाते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी बनविलेले इपॉक्सी लेपनच वापरावे व ते पूर्ण वाळल्यावर टाकी दोन-तीनदा धुवावी.

टाकी बदलताना

पत्रा जागोजागी झिजला असल्यास ठिगळे लावण्यापेक्षा टाकी बदलणे श्रेयस्कर. आय. एस. १२७०१ या भारतीय मानकानुसार बनविलेली पॉलिथिलीनची टाकी स्वस्त पडते व गंजत नाही. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची टाकी महाग असली तरी खाऱ्या हवेत दीर्घकाळ टिकते. प्लास्टिकची टाकी डिझेलच्या टाकीला खेटून ठेवू नये. डिझेलचा अंश प्लास्टिकमधून पाण्यात उतरतो.

टाकी केवढी हवी, हे साध्या हिशेबाने काढता येते. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज ५ लिटर पाणी धरल्यास ८ खलाशांच्या ७ दिवसांच्या फेरीस २८० लिटर लागते. इंजिन बंद पडून मुक्काम लांबल्यास उपयोगी पडावे म्हणून त्यात चौथा हिस्सा मिळवला, की ३५० लिटर होतात. हे पाणी एकाच टाकीत न ठेवता दोन लहान टाक्यांत ठेवावे. एका टाकीतील पाणी नासले तरी दुसरीतले हाताशी राहते.

जागा निवडताना वजनाचा विचार अवश्य करावा. ३५० लिटर पाणी म्हणजे ३५० किलो भार होय. केबिनच्या छपरावर टाकी बसवल्यास पंपाविना पाणी मिळते, हे खरे. परंतु एवढा भार उंचावर गेल्याने नौकेचा तोल बिघडतो. त्यातच अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी डोलू लागल्यास वादळी समुद्रात नौका कलंडण्याची भीती असते. टाकी खाली, नौकेच्या मध्यरेषेजवळ व पट्ट्यांनी घट्ट जखडलेली असावी.

नळ, जोड व पंप

जस्त चढवलेल्या लोखंडी नळाला पितळी तोटी थेट जोडल्यास खाऱ्या दमट हवेत त्या सांध्याजवळचे जस्त व मागोमाग लोखंड झपाट्याने झिजते. जुने नळ काढून सी. पी. व्ही. सी. चे अथवा खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्रतीचे लवचिक नळ घालावेत. पारदर्शक नळी टाळावी. तिच्यातून उजेड आत जातो व शेवाळ धरते. नळ तळातील साचपाण्याच्या वर न्यावेत व ठिकठिकाणी क्लिपांनी आवळावेत, म्हणजे इंजिनाच्या कंपनाने जोड सैल होणार नाहीत. टाकीच्या बाहेर पडताच एक चावी बसवावी. पुढे नळ फुटला तरी टाकी रिकामी होणार नाही.

विजेचा पंप बसविल्यास त्याच्या आधी जाळी असावी. सर्व तोट्या बंद असतानाही पंप मधूनमधून आपोआप चालू होत असेल, तर कोठे तरी गळती आहे असे निश्चित समजावे. काम नसताना पंपाचे बटण बंद ठेवावे. विजेच्या पंपाबरोबर एक हातपंप अवश्य ठेवावा. बॅटरी उतरली असता तोच उपयोगी पडतो, आणि एरवीही त्याने पाण्याची काटकसर होते. डेक धुण्याच्या किंवा इंजिन थंड करण्याच्या खाऱ्या पाण्याच्या नळाशी गोड्या पाण्याचा नळ कोठेही जोडलेला नसावा. मध्ये चावी असली तरीही नाही.

टाकीचे तोंड डेकपासून वीतभर उंच घ्यावे, त्यास वायसर असलेले आट्याचे झाकण बसवावे व डिझेलच्या तोंडाशी गफलत होऊ नये म्हणून निळा रंग द्यावा. हवानळीचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी लावावी. पाणी भरण्याची नळी स्वतंत्र असावी, तिची दोन्ही टोके झाकून ती टांगून ठेवावी, आणि भरण्यापूर्वी जेटीच्या तोटीचे पाणी थोडा वेळ वाहू द्यावे.

निर्जंतुकीकरण

दुरुस्तीनंतर टाकी व नळ निर्जंतुक करणे आवश्यक असते. २५ टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर ५०० लिटर पाण्यास १०० ग्रॅम घ्यावी. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी तेवढी भरलेल्या टाकीत ओतावी. प्रत्येक तोटीतून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे आणि तोट्या बंद करून रात्रभर ठेवावे. हे पाणी पिण्यासाठी नव्हे. सकाळी ते पूर्णपणे काढून टाकावे आणि वास जाईपर्यंत टाकी व नळ धुवावेत.

दररोजच्या पाण्यासाठी मात्रा फारच अल्प असते. स्वच्छ पाण्याच्या १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली पावडर पुरते. एका तासानंतर क्लोरोस्कोपने पाहिल्यास पाण्यात ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक आढळावे. पावडर बंद डब्यात कोरड्या जागी ठेवावी, कारण उघड्यावर तिचा जोर लवकर उतरतो. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते. म्हणून पाणी आधी गाळून घ्यावे. शंका आल्यास पाणी उकळूनच प्यावे.

योग्य वेळ

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. इंजिनाची डागडुजी होते त्याच दिवसांत पाण्याची टाकी व नळही उतरवून तपासले, तर धंद्याचा एकही दिवस बुडत नाही. हंगामाच्या आरंभी टाकी काठोकाठ भरून पातळीची खूण करावी व २४ तासांनी पाहावी. पातळी उतरली असल्यास नौका किनाऱ्यावर असतानाच गळती शोधता येते.

या कामी गावाचाही वाटा आहे. जेटीवर जमिनीपासून उंच व स्वच्छ तोटी असणे ही स्थानिक अधिकाऱ्यांची जबाबदारी होय. किनाऱ्यावरील शाळांत शिक्षकांनी टाकीचा हिशेब व क्लोरीनची चाचणी मुलांकडून करवून घेतल्यास ती माहिती घरोघरी पोहोचेल. गोव्याच्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, छत्तीसगड येथून आलेले अनेक खलाशी काम करतात. टाकीजवळ लावायच्या सूचना त्यांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या या माणसांना नौकेवर जे पाणी मिळेल तेच प्यावे लागते. ते निर्धोक असावे, ही त्यांना कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाची जबाबदारी आहे.