एम-थ्री दुसऱ्यांदा

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागायला आलेला ज्युनियर म्हणाला, "दादा, कविता चौदा आल्यात, त्यातल्या अकरा पावसावर आहेत. तुम्ही काहीतरी अभ्यासाचं लिहा ना." अभ्यासावर आणि मी! होस्टेलमध्ये मला लोक ओळखतात ते एम-थ्रीच्या केटीमुळे. पण मग वाटलं, जो पहिल्या झटक्यात पास झाला त्याला अभ्यासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतंच. त्याला फक्त पेपर सोपा गेलेला असतो. आपलं तसं नाही. आपण तोच विषय दोनदा केला, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी केला, आणि मधल्या काळात बरंच काही सोसलं. म्हणून हा लेख.

तर मित्रांनो, सेकंड इयरच्या पहिल्या सेमचा निकाल फेब्रुवारीतल्या एका दुपारी लागला. मेसमध्ये जेवणं चालू होती. कोणीतरी मोबाईल वर धरून ओरडलं, "लागला रे!" आणि अर्धी ताटं तशीच राहिली. मी मात्र ताट संपवलं. का कोण जाणे, मला आतून माहीत होतं. एम-थ्रीला ३१. पासिंगला ४० लागतात.

बाबा एसटीत कंडक्टर आहेत. त्यांना तारखा पाठ असतात. रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, "लागला का रे निकाल?" आणि मी चार दिवस सांगत राहिलो, "नाही बाबा, युनिव्हर्सिटीचं काही खरं नसतं." पाचव्या दिवशी टपरीमागे उभा राहून खरं सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "फॉर्म भरायची तारीख कधी आहे? पैसे किती पाठवू?" एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या रात्री वाटत होतं.

आमच्या समोरच्या रूममधल्या मुलाला त्याच निकालानं वायडीच्या काठावर आणलं. चार विषय राहिले होते. त्यानं दोन दिवस दार आतून लावून घेतलं आणि आम्ही सगळे "राहू दे, त्याला जरा एकटं राहू दे" म्हणत कॉरिडॉरमधून चपला न वाजवता जायचो. शेवटी मेसच्या काकूंनीच डबा वर पाठवला आणि निरोप दिला, "डबा रिकामा खाली आणून द्यायचा, त्यानं स्वतः." तो आला. आम्हाला हे सुचलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

आता मुद्द्याचं. मी अभ्यास केला नव्हता असं नाही, हेच तर दुःख होतं. पीएलमध्ये एम-थ्रीला मी चांगले पाच दिवस दिले होते. सोडवलेली उदाहरणं चार-चार वेळा वाचली. निळा हायलायटर एक अख्खा संपवला. प्रत्येक वेळी वाचताना मान डोलायची: हं, बरोबर, हे येतं आपल्याला. आणि आदल्या रात्री नाइट मारली. पहाटे पाचपर्यंत वाचन, मग टपरीवर दोन कटिंग, आणि तसाच हॉलमध्ये.

पेपरात इन्व्हर्स लाप्लासचं एक उदाहरण होतं: अंशात एक, छेदात एस वर्ग अधिक ए वर्ग, आणि त्या छेदाचा पुन्हा वर्ग. कन्व्होल्यूशन थिअरमनं सोडवा. हे उदाहरण मला दिसत होतं! पुस्तकात डाव्या पानावर, खालच्या बाजूला, निळ्या रंगात, शेजारी चहाचा डाग. डागाचा आकारसुद्धा आठवत होता. पहिली ओळ आठवत नव्हती.

निकालानंतर पेपरची ही कथा मी मॅथ्सच्या मॅडमना सांगितली. त्यांनी स्टाफरूममध्ये एक कोरा कागद पुढे सरकवला. "सोडव." मी म्हटलं, "मॅडम, एकदा पुस्तक बघू का?" त्या म्हणाल्या, "मग तुझ्यात आणि पुस्तकात फरक काय? तू किती वेळा वाचलंस ते मला नको सांगू. कोऱ्या कागदावर किती वेळा लिहिलंस ते सांग." उत्तर होतं: एकदाही नाही. पहिल्यांदा लिहायला गेलो ते थेट परीक्षेत.

त्या दिवशी त्यांनी ते उदाहरण फोडून दाखवलं. तो छेद म्हणजे दोन सारखे तुकडे. प्रत्येक तुकड्याचा इन्व्हर्स म्हणजे साइन ए-टी भागिले ए. मग दोघांचं कन्व्होल्यूशन, शून्यापासून टीपर्यंत इंटिग्रेशन, आणि दोन साइनच्या गुणाकाराचं कोसाइनच्या वजाबाकीत रूपांतर. पुढं सगळं अकरावीचं गणित. उत्तर येतं साइन ए-टी वजा ए-टी कॉस ए-टी, सगळं भागिले दोन ए घन. म्हणजे अडचण इंटिग्रेशनची नव्हती, "दोन तुकडे कर" हे सुचण्याची होती. ३१ आणि ४० मधलं अंतर बहुतेक अशाच पहिल्या ओळींचं असतं, असं माझं मत झालं आहे.

मग मी लायब्ररीत बसून, एम-थ्री सोडून, "माणूस विसरतो कसा" हेच वाचायला लागलो. (हेही अभ्यास टाळण्याचंच एक लक्षण, पण या वेळी फायदा झाला.) अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक छोटा उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत, उतारा न बघता, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्यानं परीक्षा घेतली तर वाचणारे ४० टक्क्यांवर आणि लिहिणारे ६१ वर! आणि गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. हे वाचलं आणि मला माझा निळा हायलायटर आठवला. ती मान डोलावणारी खात्री, तीच.

याच्याही आधी, १८८५ साली, हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला होता. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि त्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. तासाभरानं निम्म्याहून कमी बचत, एका दिवसानं साधारण एक तृतीयांश, महिन्यानं एक पंचमांश. म्हणजे आलेख आधी कड्यासारखा कोसळतो आणि मग पठारावर येतो. आता, लाप्लास म्हणजे काही निरर्थक अक्षरं नव्हेत (तशी वाटतात ही गोष्ट वेगळी), अर्थ कळला की विसरणं कमी होतं. पण आकार तोच. कोसळण्याच्या आत पुन्हा आठवलं तर पुढचा उतार सौम्य होतो.

यावरून मी डबे केले. कल्पना सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराची, त्यानं ती १९७२ साली पुस्तकात मांडली. माझे डबे मात्र अस्सल होस्टेलचे: दिवाळीच्या सोनपापडीचे दोन रिकामे खोके आणि एक चपलेचा. जुन्या ड्रॉइंग शीट कापून, पाठकोऱ्या बाजूनं कार्डं केली. एका बाजूला उदाहरण, मागच्या बाजूला फक्त पहिली ओळ. पूर्ण उत्तर मुद्दाम लिहिलं नाही. कार्ड काढायचं, पहिली ओळ कागदावर लिहायची, मग उलटून बघायचं. बरोबर आली तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकली तर पुन्हा पहिल्या डब्यात, मग ते तिसऱ्या डब्यातून का आलेलं असेना. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. रोजचे वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी मात्र दोन-तीन उदाहरणं शेवटपर्यंत सोडवायची, कारण पहिली ओळ सुचून पुढे चिन्ह चुकवणारे महाभागही आपणच असतो.

एक गोष्ट अपघातानं झाली. आमच्या रूममेटनं एका रात्री पत्ते सापडेनात म्हणून माझी कार्डं पिसली. लाप्लास, फुरिये, झेड ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस, सगळं एकात एक. मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी बसलो तर सारखं चुकायला लागलं. आधी "आता लाप्लासचा गठ्ठा" असं माहीत असायचं, त्यामुळे अर्धं काम झालेलंच असे. आता उदाहरण बघून ते कुठल्या जातीचं हे आधी ओळखावं लागत होतं. आणि पेपरातही तेच करावं लागतं की! नंतर कळलं की रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली नेमकं हेच दाखवलं आहे. घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला पिसून. सराव करताना प्रकारवार गट ८९ टक्के बरोबर, पिसलेला ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत प्रकारवार गट २० वर घसरला, पिसलेला ६३. विद्यार्थी मोजकेच होते, तेव्हा आकडे डोक्यावर घेऊन नाचू नये, पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. रूममेटला मी हे अजून सांगितलेलं नाही. श्रेय मागेल.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मग काय, गाडी रुळावर. तसं काही नव्हतं. मार्चअखेरीस सबमिशन आली. जर्नलं, शीट, सह्यांसाठी लॅबबाहेर रांगा, ट्यूबलाइटवर काच ठेवून रात्रभर जीटी. अकरा दिवस डब्यांना हात लागला नाही. बाराव्या दिवशी उघडले तर तिसऱ्या डब्यातली निम्मी कार्डं चुकली. एबिंगहाउस बरोबर होता. त्या संध्याकाळी मी सगळे डबे कॉटखाली ढकलले आणि ठरवलं, जाऊ दे, गाइड आणू आणि नाइट मारू. त्या वेळी समोरच्या रूममधला तो मुलगा आला आणि म्हणाला, "तुझी ती कार्डं दे, मला विचारायला कोणीतरी पाहिजे." तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर गच्चीवर मी त्याला विचारायचो आणि तो मला. कुणाला तरी तोंडी सांगायचं म्हटलं की "हं, येतं" चालत नाही. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "सांग ना मग."

नाइट मारण्याबद्दल थोडं. आमच्या विंगमध्ये असे दोघे आहेत जे नाइट मारूनच फर्स्ट क्लास काढतात. त्यांना माझा नमस्कार, हा परिच्छेद त्यांच्यासाठी नाही. बाकीच्यांसाठी: १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच झोपवून एक प्रयोग केला. दहा निरर्थक शब्द पाठ करून आठ तास झोपल्यावर सरासरी निम्म्याहून जास्त आठवत. पाठ करून आठ तास जागं राहिल्यावर जेमतेम एक. दोनच मुलं होती हे खरं. पण झोपेत पाठांतर पक्कं होतं हे नंतरच्या अनेक अभ्यासांतही दिसलं आहे. मी मे महिन्यात एम-थ्रीच्या आदल्या रात्री साडेअकराला दिवा घालवला. झोप साडेबाराला लागली, कारण शेजारच्या रूममध्ये नाइट चालू होती.

निकाल: एम-थ्री ५८. त्याच सेममध्ये थिअरी ऑफ मशीन्सला ४१, म्हणजे काठावरून परत, कारण डबे एकाच विषयाचे होते आणि माझा दिवसही चोवीसच तासांचा. समोरच्याचे चारपैकी तीन सुटले, एक राहिला, आणि वर्ष वाचलं. तो राहिलेलाही पुढच्या खेपेला निघाला. बाबांना फोन केला तेव्हा ते ड्यूटीवर होते, मागे बसची घंटी वाजत होती. "बरं झालं," म्हणाले, "बाकीचे विषय?" म्हटलं ना, हिशोब पक्का.

स्टाफलाही एक विनंती करायची आहे, मॅगझिन तुम्हीही वाचता म्हणून. लेक्चरच्या शेवटची पाच मिनिटं आम्हाला मागच्या आठवड्यातलं एक उदाहरण कोऱ्या कागदावर फक्त सुरू करायला सांगा. मार्क नकोत, रोल नंबरही नको. मार्क आले की आम्ही शेजाऱ्याचं बघणार, ते आमच्या रक्तात आहे. आणि निकालाच्या दिवशी रेक्टर सरांनी रात्री एक फेरी मारावी. हजेरी घ्यायला नव्हे, नुसतं जेवलास का एवढं विचारायला.

डबे सध्या खालच्या मजल्यावरच्या एका सेकंड इयरवाल्याकडे आहेत. त्यानं सोनपापडीच्या खोक्याला सेलोटेप लावून त्याचं आयुष्य वाढवलं आहे आणि स्वतःची वीस-एक कार्डं घातली आहेत. गच्चीवरच्या बैठकांमध्ये व्हेक्टर कॅल्क्युलसची तीन कार्डं मात्र कुठेतरी गेली. कुणाच्या पुस्तकात खूण म्हणून सापडली, तर त्याच्या रूमवर आणून द्यावीत.