संगणक सुरू होत नाही तेव्हा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन १९५९ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड चालू ठेवतात. थंड झालेली भट्टी पुन्हा चालू करणे हे फार खर्चाचे व कष्टाचे काम असते. याच शहरातील स्मृतिनगरच्या एखाद्या घरातला संगणक मात्र रोज बंद होतो आणि रोज नव्याने सुरू होतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की, तो ज्या दिवशी सुरू होत नाही त्याच दिवशी तिच्याकडे आपले लक्ष जाते.

नेमके त्याच दिवशी काहीतरी अडलेले असते. स्वाध्याय दुसऱ्या दिवशी द्यायचा असतो. घरातील छायाचित्रे, हिशेब, अर्ज सारे त्या एकाच पेटीत असते. घाबरलेला माणूस दुरुस्तीचे दुकान गाठतो आणि ‘फॉरमॅट मारावे लागेल’ हे वाक्य ऐकून मान डोलावतो. फॉरमॅट करणे म्हणजे हार्ड डिस्क नव्याने आखून घेणे. त्यात आधीचे सारे गमावण्याची वेळ येते. आणि मूळ बिघाडाचा हार्ड डिस्कशी अनेकदा काही संबंधच नसतो.

तो आहे की नाही हे ओळखण्यासाठी संगणक सुरू कसा होतो हे ठाऊक हवे. कळ दाबताच पेटीतील वीजपुरवठा संच घरातील २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करतो. ती मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली छोटी आज्ञावली वाचू लागतो. ही आज्ञावली आधी रॅम व इतर भाग जागेवर आहेत का हे तपासते, मग ऑपरेटिंग सिस्टिम कोठे आहे ते शोधते, ती रॅममध्ये आणण्यास सुरुवात करून देते आणि कारभार तिच्या हाती सोपवते. या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. आपल्याच बुटाचे बंद धरून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातून हा शब्द आला. तो गमतीचा असला तरी चपखल आहे.

ही साखळी कोणत्या कडीपाशी तुटली, हे संगणक स्वतःच सांगत असतो. कळ दाबूनही पूर्ण शांतता असेल, पंखा हलत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहावा, वायर बदलून पाहावी, पेटीच्या मागची छोटी कळ चुकून बंद झाली आहे का ते बघावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर कशामुळे झाला हे कधीच कळत नाही. वीजपुरवठा संच मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहू शकते.

पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही अवस्था अधिक फसवी असते. आधी पडद्याची केबल तपासावी. पेटीतून ‘बीप’ असे आवाज येत असतील तर ते मोजावेत. तो निरर्थक गोंगाट नसून ठरावीक संकेत असतो आणि त्याचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळदा रॅमची पट्टी खाचेत सैल झालेली असते. अशा वेळी प्लग काढून, धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी आणि पट्टी काढून पुन्हा नीट बसवावी. अनुभवी कारागीर तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हळुवार फिरवतात. छत्तीसगडच्या मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा धुळीने गच्च झालेल्या पंख्यामुळे प्रोसेसर तापून संगणक सुरू होताच बंद पडू शकतो. त्यावर ब्रशने धूळ काढणे एवढाच उपाय पुरतो.

ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा संदेश आला, तर प्रथम मागे विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह काढावा. संगणक कधीकधी भलत्याच दारी तिला शोधत असतो. हार्ड डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येत असेल तर वारंवार प्रयत्न न करता संगणक बंद करावा आणि आधी आतील माहिती जाणकाराकडून वाचवून घ्यावी.

शेवटची कडी तुटली की संगणक सुरू होतो, अडखळतो आणि पुन्हा सुरू होतो. १९ जुलै २०२४ रोजी जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांची अशी अवस्था झाली. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीसाठी आलेली एक सदोष फाइल त्याला कारण होती. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कंपनीने दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली. परंतु जे संगणक सुरूच होऊ शकत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचणार कशी? ते ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अत्यावश्यक भागांनिशीच सुरू करून ती फाइल पुसावी लागली. अनेक कार्यालयांत माणसे प्रत्येक यंत्रापुढे बसून हे काम हाताने करत होती. त्या एका फाइलखेरीज हार्ड डिस्कवरील दुसरे काहीही पुसण्याची गरज या उपायात नव्हती.