मुलं देवाबद्दल विचारतात तेव्हा

आई-बाबांनो,

“देवाला आधीच सगळं ठाऊक आहे ना? मग मी पास होणार की नापास, हेही ठरलेलंच. अभ्यास कशाला करू?” दहावीतल्या मुलाने असं विचारलं की ते अभ्यास टाळायचं निमित्त वाटतं आणि आपण त्याला दटावतो. मासवण-पालघरकडच्या आपल्या ख्रिस्ती घरांत तर वर “देवाबद्दल असं बोलू नये” हेही ऐकवलं जातं. कृपा करून त्याला गप्प करू नका. इ.स. 524 च्या सुमारास बोएथियस हा रोमन विद्वान तुरुंगात मरणाची वाट पाहत होता, तेव्हा त्याने हाच प्रश्न लिहून काढला. त्याचं उत्तर असं की देवाला काल, आज, उद्या नाही. सगळा काळ त्याच्यासमोर एकदमच उभा असतो. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ते सोपं केलं. वाटेने चालणाऱ्याला मागचे लोक दिसत नाहीत, उंचावरच्या माणसाला सगळे दिसतात. आपला मनोर रस्ताच घ्या ना. टेकडीवरून कुणी गाड्या पाहत असला, म्हणून त्यांचं स्टिअरिंग काही त्याच्या हाती जात नाही. देव पाहतो, पण वही उघडायची की नाही हे तुझ्याच हातात आहे, एवढं मुलाला सांगा.

यावर मोठमोठ्यांचंही एकमत नव्हतं. देवाची कृपा आणि माणसाची मोकळीक यांचा मेळ कसा घालायचा, यावरून येशूसंघीय आणि डॉमिनिकन धर्मगुरूंमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कुणाच्याही बाजूने निकाल न देता तो थांबवला. मग पंधरा वर्षांच्या पोराला शंका आली तर बिघडलं कुठे?

दुसरा प्रश्न मात्र जिव्हारी लागतो. तारापूरच्या एखाद्या कारखान्यात स्फोट झाल्याची बातमी येते. ज्या घरात बाबा दुसऱ्या पाळीला जातात, ज्यांच्या कामाच्या कपड्यांना धुतल्यावरही केमिकलचा वास राहतो, तिथली मुलगी विचारते, “देवाने का नाही थांबवलं?” “देवाची मर्जी” हे तिच्यासाठी अगदी चुकीचं उत्तर आहे. देवाने माणसाला मोकळीक दिली, कारण जबरदस्तीने केलेलं प्रेम हे प्रेमच नव्हे, असं आपली श्रद्धा सांगते. त्या मोकळिकीत हलगर्जीही येते. सुरक्षेची साधनं दिली नसतील, रिअॅक्टरची देखभाल टाळली असेल, तर दोष माणसाचा आहे. तो देवाच्या माथी मारला की दोषी माणूस सुटतो आणि मुलीच्या मनात देव क्रूर ठरतो.

भूकंपाचं काय? नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्के बसू लागले आणि धुंदलवाडीची माणसं थंडीत घराबाहेर झोपली. तिथे कुणाची हलगर्जी होती? इथे मोकळिकीचं उत्तर अपुरं पडतं, हे मुलांपासून लपवू नका. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनची देवळं भाविकांवर कोसळली आणि सगळा युरोप याच प्रश्नाने हादरला. अशा वेळी मुलांसोबत ईयोबाचं पुस्तक वाचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घरात असेल तर फारच छान. ईयोबाचे मित्र त्याला सांगतात, तुझ्या पापाचं हे फळ. ईयोब ते मानत नाही, देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो उपदेश करणाऱ्या मित्रांवर, जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे! त्याच्या दुःखाचं कारण देव सांगत नाही, हेही मुलांना वाचू द्या.

घरात अशी मोकळीक कशी द्यायची, हे आपल्याच मराठी घरात पाहायला मिळतं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. पुन्हा त्यांच्याजवळ आल्या तेव्हाही आपलं सोवळंओवळं सांभाळूनच. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. टिळकांसारखा तापट माणूस इतकं थांबला, याचं मला फार मोल वाटतं. आपण मात्र मुलाने एका रविवारी मिस्साला यायला कुरकुर केली की हैराण होतो.

म्हणून कळकळीने सांगते, मुलगा-मुलगी प्रश्न घेऊन आले तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि पूर्ण ऐकून घ्या. उत्तर येत नसेल तर “मलाही कळत नाही” असं सरळ म्हणा, फादरांकडे किंवा पास्टरांकडे दोघं मिळून जा. पण “असं विचारलंस तर देव शिक्षा करील” ही धमकी आजपासून घरातून काढून टाका.