मेंदूचा फोटो काढण्याआधी

मी बालाघाटकडच्या उकव्याची, मँगनीजच्या खाणीवर जगणाऱ्या गावची. आता नागपुरात एमआरआय मशीनवर काम करते. एचआयव्ही असलेल्या माणसाला ‘हल्ली विसरायला होतं’ म्हणून तपासणीला पाठवतात, तेव्हा मी एवढं ध्यानात ठेवते.

1. आधी संसर्ग शोधायचा. ताप, झटके, डोकेदुखी, एका अंगाची कमजोरी असेल, तर टॉक्सोप्लाझ्मा किंवा मेंदूचा टीबी असू शकतो. वेळेत कळला तर त्यावर औषध आहे.

2. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. एचआयव्हीचा विषाणू मुख्यतः मेंदूतल्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो आणि त्यातून होणारा दाह चेतापेशींना बाधतो. साध्या एमआरआयवर सुरुवातीला बऱ्याचदा काहीच दिसत नाही. स्पेक्ट्रोस्कोपी या एमआरआयच्याच तपासणीत मात्र मेंदूतल्या रसायनांचा फरक कधीकधी आधीच कळतो.

3. कामधंदा विचारल्याशिवाय राहायचं नाही. शरीरात मँगनीज साठलं, तर एमआरआयच्या टी-वन चित्रात मेंदूच्या खोलातला ग्लोबस पॅलिडस हा भाग पांढरा उजळतो. लिव्हर खराब असेल तरी तसंच दिसतं. एचआयव्हीसोबत कावीळ बी किंवा सी असणारेही असतात. म्हणून ‘खाणीत होता का?’ आणि ‘दारू, कावीळ?’ हे दोन्ही प्रश्न मी फॉर्मवर लिहून घेते. नाहीतर सगळा दोष विषाणूच्या माथी जातो.

4. स्मरणाची चाचणी कोणत्या भाषेत झाली, ते पाहायचं. आमच्याकडे घरात मराठी किंवा पवारी, शाळेत हिंदी. पुण्यातल्या 174 मराठी भाषकांवरचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. ज्यांची हिंदीही चांगली होती, त्यांना लक्षाशी संबंधित एक चाचणी अधिक चांगली जमली. म्हणजे कमी गुण मिळाले की मेंदू बिघडला, असं होत नाही. 2023 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानेही हाच इशारा दिला.

5. गोळ्यांबद्दल घरच्यांनाही विचारायचं, पण रुग्णाची परवानगी घेऊन. 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली. नियमित उपचारांमुळे गंभीर स्मृतिभ्रंश पुष्कळ कमी झाला. मात्र विसराळू माणूस गोळीही विसरतो, आणि ते फोटोत दिसत नाही.

6. बाहेरच्या बाकावर आजाराचं नाव घ्यायचं नाही. बालाघाटकडून आलेल्यांत गावचं कोणीतरी निघतंच. 2017 चा एचआयव्ही कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण तो पाळला जातो की नाही, हे माझ्यासारख्या हाक मारणाऱ्यावर ठरतं. मी फक्त नंबर पुकारते. बाकीचं दार लावून घेतल्यावर.